एका वाचकाचे तीन वेग

व्हाइटफील्डमध्ये आयटीत नोकरी करणारा मराठी माणूस दिवसभरात तीन वेगांनी वाचतो. सकाळी इंग्रजी ईमेलचा ढीग तो चहा निवायच्या आत उपसतो. रात्री मोबाइलवर एखादा लांबलचक मराठी लेख उघडला की वेग उतरतो, कारण बारावीनंतर सलग मराठी वाचणं सुटलेलं असतं. आणि मेट्रोच्या पाटीवरचं कन्नड नाव तो अक्षराला अक्षर जोडत वाचायला घेतो, ते पुरं होईपर्यंत गाडी स्थानक सोडून निघालेली असते. डोळे तेच, मेंदू तोच, चष्म्याचा नंबरही तोच. मग वेगात एवढा फरक का पडतो?

वेगवान वाचनाचे वर्ग आणि ॲप या प्रश्नाला हात घालत नाहीत. त्यांचा सगळा भर डोळ्यांवर असतो: नजर ओळीवरून झरझर फिरवा, एका दृष्टिक्षेपात अख्खा परिच्छेद टिपा, मनातल्या मनात शब्द उच्चारू नका, मागे वळून पाहू नका. हे सल्ले खरे असते तर कन्नडची पाटीही इंग्रजी ईमेलच्याच वेगाने वाचून झाली असती. वाचनाचा वेग ओळखीतून येतो. अक्षरांची ओळख, शब्दांची ओळख, वाक्याच्या वळणाची ओळख आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे विषयाची ओळख. हे प्रकरण त्याबद्दल आहे, आणि व्हाइटफील्ड हे ते समजून घ्यायला फार चांगलं ठिकाण आहे. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत म्हणून हे गाव वसलं. नव्वदच्या दशकात इथे इंटरनॅशनल टेक पार्क उभं राहिलं आणि देशभरातून माणसं आली. एकाच इमारतीत पाच-सहा मातृभाषा आणि तितक्याच लिप्या नांदतात. त्यामुळे वाचनाचा वेग कसा घडतो आणि कसा मोडतो, हे इथल्या कुठल्याही घरात पाहता येतं.

आधी मेट्रोतच थांबू. पर्पल लाइनचा व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुर हा तुकडा मार्च २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शहरातल्या बाकीच्या मार्गाला जोडला गेला. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत आहेत. शहराच्या दिशेने निघालं की नल्लूरहळ्ळी आणि कुंदलहळ्ळी लागतात, पुढे बेन्निगनहळ्ळी आणि बय्यप्पनहळ्ळी. मध्येच सीतारामपाळ्य, गरुडाचारपाळ्य, सिंगय्यनपाळ्य. नव्याने कन्नड वाचायला लागलेला माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक पाटीशी झुंजतो. हा ‘ह’ असावा, त्यानंतर ‘ळ’, त्याच्या पायाशी लोंबणारा आणखी एक ‘ळ’, वर वेलांटीची खूण. काही दिवसांनी ‘हळ्ळी’ हे त्याच्यासाठी एकच चित्र होऊन बसतं. ते दिसलं की वाचावं लागत नाही. नजर फक्त सुरुवातीच्या ‘नल्लूर’वर किंवा ‘कुंदल’वर थांबते. ‘पाळ्य’चंही तसंच. डोळ्यांची गती रतिभरही वाढलेली नसते, पण अर्धा शब्द ओळखीचा झाल्यामुळे वाचायचं काम अर्ध्यावर आलेलं असतं. मराठी माणसाला यात एक मोठा आधार आहे: कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते, बाराखडीची रचनाही जवळजवळ तीच. बहुतेक आवाज ठाऊक असतात, नव्या असतात त्या मुख्यतः आकृत्या.

इंग्रजी ईमेलच्या बाबतीत हेच काम वीस-पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेलेलं असतं, म्हणून ते आता दिसत नाही इतकंच.

आता डोळ्यांकडे वळू, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत. वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याकडे लक्ष वेधलं आणि पुढे यंत्रांनी त्याची नेमकी मोजमापं दिली. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस एका जागी साधारण पाव सेकंद नजर ठेवतो, मग सात-नऊ अक्षरं पुढे उडी घेतो. उडीच्या क्षणी जवळजवळ काहीच टिपलं जात नाही, जे काही वाचलं जातं ते थांब्यावर. दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा मागच्या दिशेने असतात. आणि एका थांब्यावर नजरेच्या उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपलीकडचं काहीही उपयोगाचं दिसत नाही, कारण डोळ्याच्या पडद्यावरचा बारीक तपशील टिपणारा भाग अगदी लहान आहे. सराव करून तो मोठा होत नाही.

यावरून एक सोपं गणित मांडता येतं. सेकंदाला चार थांबे म्हणजे मिनिटाला दोनशे चाळीस, आणि थांब्यामागे ढोबळमानाने एक शब्द. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला, कथा-कादंबऱ्यांचा २६०. म्हणजे मिनिटाला हजार शब्द ‘समजून’ वाचल्याचा दावा कुणी केला, तर चारातले तीन शब्द त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलेच नसतात.

तरी या दाव्यांना मोठा इतिहास आहे. अमेरिकेतल्या युटाच्या शिक्षिका एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये वेगवान वाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात फिरवत त्यामागे नजर न्यायची, ही त्यांची पद्धत. पुढच्या दोन दशकांत या वर्गांची कीर्ती थेट व्हाइट हाउसपर्यंत पोहोचली. मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर या संशोधकांनी मग या पद्धतीत तयार झालेल्या वाचकांची नीट परीक्षा घेतली. त्यांचा वेग मिनिटाला सातशे शब्दांच्या आसपास होता. त्यांच्या जोडीला नेहमीसारखं वाचणारे आणि मजकूर नुसता चाळणारे, असे आणखी दोन गट होते. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय वेगवान वाचकांना चाळणाऱ्यांपेक्षा किंचित बरा सांगता आला. मजकूर अवघड झाला तेव्हा तेवढंही अंतर उरलं नाही. तपशिलांत तर सावकाश वाचणारे स्पष्टपणे पुढे होते. मला या निष्कर्षात निराशाजनक असं काही वाटत नाही. चाळणं हेही एक कौशल्य आहे आणि त्याचा उपयोग पुढे येणारच आहे. फक्त चाळण्याला वाचन म्हणायचं नाही.

मागे वळू नका, या सल्ल्याचीही परीक्षा झाली. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी अशी व्यवस्था केली की वाचकाची नजर ज्या शब्दावरून पुढे गेली तो शब्द पडद्यावर झाकला जावा. आता मागे वळूनही काही हाती लागणार नव्हतं. आकलन घसरलं. एकेक शब्द पडद्याच्या मधोमध झळकवणाऱ्या ॲपची अडचण नेमकी हीच आहे: वाक्य गुंतागुंतीचं निघालं तर परत जायला वाटच उरत नाही. आणि मनातल्या उच्चाराबद्दल म्हणाल, तर सोप्या मजकुरात तो दाबून टाकता येतो, पण अवघड मजकुरात तो दाबला की अर्थ निसटतो. पोथी मोठ्याने वाचणारी आपली आधीची पिढी वाचनात मागासलेली होती असं मानायचं काहीच कारण नाही. न्यायालयाचा निकाल किंवा विम्याच्या अटी वाचताना ओठ हलले तर हलू द्यावेत.

मग वेग खरोखर कशाने वाढतो? १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या एका खेळीचं वर्णन वाचायला दिलं. मग खेळाच्या मैदानाचं छोटं प्रतिरूप आणि लाकडी खेळाडू देऊन काय घडलं ते मांडून दाखवायला सांगितलं. वाचनाच्या चाचणीत कच्ची ठरलेली, पण बेसबॉल जाणणारी मुलं या कामात वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे गेली. आपल्याकडे रणजी सामन्याच्या वृत्तात ‘दिवसाची चार षटकं उरली असताना नाइट वॉचमन पाठवला’ असं वाक्य येतं. क्रिकेट जाणणारा त्यावरून न थांबता पुढे जातो. विकेट पडलीय, उजेड कमी होतोय, चांगला फलंदाज उद्यासाठी राखून ठेवलाय, हे सगळं त्याला न वाचता कळतं. न जाणणारा सगळे शब्द वाचतो आणि तिथेच अडतो.

टेक पार्कातल्या कामाला हे जसंच्या तसं लागू आहे. रात्री सर्व्हर बंद पडला, सकाळी त्याचा दहा पानी अहवाल आला. ज्याने ती प्रणाली बांधली तो दोन मिनिटांत नेमक्या ओळीवर बोट ठेवतो. परवा रुजू झालेली मुलगी तेच अर्धा तास वाचते, आणि आपण वाचनात मंद आहोत असा समज करून घेते. तिला वेगवान वाचनाच्या वर्गाची गरज नाही. त्या प्रणालीचा आराखडा कुणीतरी फळ्यावर काढून समजावला, तर पुढचा अहवाल ती आपोआप निम्म्या वेळात वाचेल. प्रोग्रामरांच्या नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे: नवशिके कोड बऱ्याच अंशी वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतात, मुरलेले लोक जिथे काम चालतं त्या जागांकडे उड्या मारत जातात. कुठे उडी मारायची हे त्यांना विषयाच्या ओळखीने कळतं.

म्हणून कामाचा मोठा दस्तऐवज हाती आला की पहिली काही मिनिटं तो वाचायचाच नाही. शीर्षक, तारीख, कुणी लिहिला, उपशीर्षकं, आकृत्या आणि शेवटचं पान पाहायचं. मग आपल्याला यातून काय हवंय तो प्रश्न एका ओळीत लिहून काढायचा. इथे चाळणं हेच योग्य हत्यार आहे. त्यानंतर ठरवायचं: हे चाळूनच सोडायचं, निम्मं नीट वाचायचं, की पेन घेऊन सावकाश बसायचं. ओहायोचे फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४०च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी साधारण अशीच पद्धत मांडली होती आणि ती अजून टिकून आहे. माझ्या मते यातला सर्वांत कमी पाळला जाणारा भाग प्रश्न लिहिण्याचा आहे, आणि सर्वांत जास्त वेळ तोच वाचवतो. सगळं एकाच वेगाने वाचणारा माणूस फालतू परिपत्रकावर वेळ घालवतो आणि कराराच्या कलमांवरून घसरत जातो. जे नीट वाचायचं ठरलं ते जमल्यास कागदावर वाचावं. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माहितीपर मजकुराचं आकलन पडद्यापेक्षा कागदावर चांगलं आढळलं, आणि वेळेची मर्यादा घातली की हा फरक वाढला.

आपला वेग मोजायचा असेल तर समजलं किती हे सोबत मोजलंच पाहिजे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. दहा मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आणि काय वाचलं ते पाच-सहा वाक्यांत लिहून काढा. पुस्तक उघडून ताडून पाहा. असं आठवून लिहिण्याने फक्त परीक्षा होते असं नाही, ते डोक्यात पक्कंही बसतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना आठवड्याने त्यातलं ४२ टक्के आठवलं; एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे होते. वाचून झाल्या झाल्या ‘सगळं कळलं’ असं वाटतं, त्यावर विसंबू नये ते यासाठी.

मराठीचा वेग मोजताना इंग्रजीचे आकडे मनात धरू नयेत. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे जे इंग्रजीत चार शब्दांत येतं ते मराठीत एकात मावतं. एकच मजकूर सतरा भाषांत मोठ्याने वाचून घेतलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात इंग्रजीचा वेग मिनिटाला २२८ शब्द आला, तर अशाच प्रत्ययबहुल फिनिशचा १६१. फिनिश लोक मंद वाचतात असा याचा अर्थ होत नाही. आपल्या मराठी वेगाची तुलना आपल्याच मागच्या महिन्याच्या वेगाशी करावी.

आणि तो वाढवायचा असेल तर अमेरिकी भाषाशिक्षणतज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा एक साधा सल्ला फार कामाचा आहे: एकाच लेखकाची किंवा एकाच विषयावरची पुस्तकं ओळीने वाचा. पहिल्या पुस्तकाची पहिली पन्नास पानं जड जातात. मग त्या लेखकाचे आवडते शब्द, त्याचं वाक्य वळवण्याचं तंत्र, त्याचा मुलूख ओळखीचा होतो. दर आठवड्याला वेगळ्या लेखकाचं पुस्तक उघडणारा दर वेळी त्या पहिल्या पन्नास पानांतच राहतो. दहा-पंधरा वर्षं मराठी न वाचलेल्या माणसाने एखाद्या आवडत्या कादंबरीकाराची तीन पुस्तकं सलग वाचावीत. तिसऱ्यात फरक त्याचा त्यालाच जाणवेल.

आता मुलांकडे, कारण व्हाइटफील्डच्या मराठी घरांतला खरा प्रश्न त्यांचा आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांमध्ये कन्नड शिकणं सक्तीचं झालं. इंग्रजी माध्यम, कन्नड, बहुतेकांना हिंदी, आणि घरी मराठी. हिंदीमुळे देवनागरीची तोंडओळख झालेली असते, म्हणून आईवडिलांना वाटतं मराठी आपोआप येईल. साताऱ्याहून आलेली आजी दुसरीतल्या नातीला जवळ घेऊन बसते आणि वाक्य येतं: चिमणीने चिंचेच्या झाडावर घरटं बांधलं होतं.

“चि... म... णी... ने. चिमणीने. चिं... चे... च्या...” जोडाक्षरापाशी बोट थांबतं. “झा... डा... वर. घ... र... टं. बां... ध... लं. होतं.”

“छान! कुणी बांधलं गं घरटं?”

“काय?”

नात मठ्ठ नाही. घरी ती घडाघडा मराठी बोलते आणि हीच गोष्ट आजीने सांगितली असती तर तिला लगेच कळली असती. एकेक अक्षर उकलण्यात मन इतकं गुंतलं की ‘बांधलं’पर्यंत पोहोचताना ‘चिमणीने’ मनातून निघून गेलं. खूप वेगाने वाचलं की आकलन जातं तसं फार सावकाश वाचलं तरीही जातं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलांसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे ते याचसाठी.

आपल्या लिप्यांत ही पहिली चढण लांब असते. बेंगळुरूच्या प्रॉमिस फाउंडेशनमध्ये काम केलेल्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या २००७ च्या संशोधनातून दिसतं की काना, मात्रा, जोडाक्षरं मिळून शेकडो अक्षररूपं होतात आणि ती सगळी पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांशी तुलना करून ‘अजून येत नाही?’ असं विचारणं मुलांवर अन्याय करणारं आहे. देवनागरीची स्वतःची एक खोच आहे: ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी, उच्चारली जाते नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवलं की हिंदी वाचकांनाही असे शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो. मराठीत भर पडते ती दोन ‘च’ची. हिंदीतून शिकलेलं मूल ‘चाक’ हा शब्द ‘चहा’तल्या च ने वाचतं आणि तो शब्द आपण रोज ऐकतो तोच आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी ‘चमच्यातला च’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. अमेरिकी संशोधक जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये तो पद्धतशीर मांडला: पन्नास ते दोनशे शब्दांचा एकच उतारा मुलाने पुन:पुन्हा वाचायचा, सफाई येईपर्यंत. तबल्याचा विद्यार्थी एकच कायदा विलंबितपासून द्रुतपर्यंत नेतो, तसा. महत्त्वाचं म्हणजे सफाई त्या उताऱ्यापुरती राहत नाही. पुढचा, न पाहिलेला उताराही मूल सुरुवातीपासूनच जरा वेगाने वाचतं. चिमणीचं वाक्य तिसऱ्यांदा वाचताना नात ‘चिंचेच्या झाडावर’ एका दमात म्हणते, आणि कुणी बांधलं हे आजीने विचारायच्या आधीच सांगते.

त्यासाठी पुस्तकं साताऱ्याहून मागवायची गरज नाही. २००४ मध्ये बेंगळुरूतच सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ पासून स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ चालवलं आहे. तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट आहेत आणि छापूनही घेता येतात. मूल शाळेत कुठल्याही इयत्तेत असो, मराठीची सुरुवात पहिल्या पातळीपासून करावी. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मोबाइलवर घड्याळ लावून मुलासमोर धरू नये. प्रश्न गोष्टीबद्दल विचारावा. तीन-चार वाचनांनी सफाई आली की पुढच्या गोष्टीकडे जावं, आणि शक्यतो ती गोष्टही पक्ष्यांचीच निवडावी, म्हणजे घरटं, पिल्लू, चोच, पंख हे शब्द तिथे ओळखीचे होऊन भेटतील.